दिवा लागलेली दारे

ज्या समाजात पूर्वसूचनेवाचून कोणाच्या दाराची घंटा वाजविणे हे असभ्यपणाचे लक्षण समजले जाते, ज्या समाजात शेजारधर्म बहुधा मोटारीतून उतरताना हात हलविण्यापुरता उरलेला असतो, आणि ज्या समाजात 'परक्याकडून काही घ्यायचे नाही' ही ताकीद मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच मिळालेली असते, त्याच समाजात वर्षातून एका संध्याकाळी गावातील झाडून सारी मुले परक्यांच्या दारी जाऊन उघडपणे खाऊ मागतात आणि तो त्यांना हसतमुखाने दिला जातो, ही गोष्ट प्रथम पाहणाऱ्याला विलक्षण वाटल्यावाचून राहत नाही. ही संध्याकाळ हॅलोवीनची. आपल्याकडे हा सण ठाऊक झाला तो मुख्यतः भुताखेतांच्या चित्रपटांमुळे, आणि म्हणून भीती हेच त्याचे मर्म असावे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु अमेरिकेच्या आयोवा संस्थानाच्या राजधानीत, डी मॉइन शहरात, आमची दोन्ही मुले लहानाची मोठी झाली, आणि त्यांच्याबरोबर या संध्याकाळी घरोघर हिंडण्याचे भाग्य मला लाभले. त्या अनुभवाच्या बळावर मी असे म्हणेन की, भीतीचा सारा साज वरवरचा असून त्याखाली जे नांदते तो माणसांचा एकमेकांवरील विश्वास होय.

या फेरीचा दस्तूर असा की, दिवेलागणीच्या सुमारास मुले नाना प्रकारची सोंगे घेऊन, हातात पिशवी, प्लास्टिकची बादली किंवा चक्क उशीचा अभ्रा घेऊन बाहेर पडतात, आणि दार उघडताच 'ट्रिक ऑर ट्रीट' असा एकमुखाने पुकारा करतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, असा त्यातला लटका धाक. घरधनी चॉकलेटांनी भरलेले पातेले घेऊन दाराशी तयारच असतो. ज्या घराच्या ओसरीवरचा दिवा लागलेला असेल त्याच घराच्या पायऱ्या चढायच्या, आणि जिथे अंधार असेल तिथे कोणाला त्रास न देता पुढे जायचे, हा अलिखित कायदा तीन-चार वर्षांच्या मुलालाही पाठ असतो. आणि आजारी, थकलेल्या अथवा या प्रकारात रस नसलेल्या माणसाला एक बटण दाबून सन्मानाने अलिप्त राहण्याची मुभा असते.

आमच्या शहराचा शिरस्ता मात्र दोन बाबतींत निराळा होता. एक तर मुलांच्या फेरीसाठी तेथे हॅलोवीनचा आदला दिवस, म्हणजे ३० ऑक्टोबर, मुक्रर केलेला होता व त्या संध्याकाळला 'बेगर्स नाइट' असे नाव होते. आणि दुसरे म्हणजे, खाऊ हाती पडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने काहीतरी सादर केले पाहिजे, मग ते गाणे असो, कविता असो किंवा, बहुतेक वेळी, एखादे गमतीचे कोडे असो, अशी तेथील वहिवाट होती. तिचा उगम १९३८ सालातला. त्या काळी ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे उनाड पोरांच्या उच्छादाची रात्र असे, आणि नासधुशीच्या तक्रारी ऐकता ऐकता पोलीसखाते हैराण होई. तेव्हा शहराच्या क्रीडांगण मंडळाच्या मनोरंजन विभागाच्या प्रमुख कॅथ्रिन क्रीग यांनी नुसता बंदोबस्त वाढविण्यापेक्षा मुलांच्या उत्साहाला वाट काढून देण्याचा मार्ग पत्करला, आणि आदल्या संध्याकाळी मुलांनी घरोघर जाऊन आपली कला दाखवावी व खाऊ मिळवावा असा पायंडा पाडला. तो पुढे अनेक दशके टिकला. ज्या उद्योगाला दंडुक्याने आळा बसला नाही त्याला आमंत्रणाने वळण लागले, हे लोकशिक्षणाचे एक सुंदर उदाहरण मला नेहमी वाटत आले आहे.

क्रीगबाईंनी ही कल्पना शून्यातून निर्माण केली असे मात्र नाही. या प्रथेची वंशावळ फार मागे जाते. आयर्लंड व स्कॉटलंड येथील प्राचीन केल्टिक लोक पिके घरात आल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी, साउइन नावाचा उत्सव करीत, आणि त्या रात्री इहलोक व परलोक यांमधील सीमा विरळ होते अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे नवव्या शतकात ख्रिस्ती धर्मपीठाने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून सार्वत्रिक केला, आणि सुमारे एक सहस्रकापूर्वी क्लुनीचा मठाधिपती ओदिलो याने २ नोव्हेंबर हा दिवस समस्त मृतात्म्यांच्या प्रार्थनेसाठी नेमून दिला. वसई, वांद्रे आणि गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबे आजही त्या दिवशी दफनभूमीत जाऊन आप्तेष्टांच्या थडग्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. हॅलोवीन ही त्याच तीन दिवसांच्या पर्वाची पहिली संध्याकाळ होय. मध्ययुगीन इंग्लंडात याच सुमारास गोरगरीब लोक दारोदार जात, त्या त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत, आणि मोबदल्यात त्यांना लहानसे गोड केक मिळत. स्कॉटलंडातील मुले वेषांतर करून जात, गाणे अथवा कविता म्हणून दाखवीत, आणि सफरचंदे व अक्रोड-बदाम मिळवीत. म्हणजे दारी आलेला काही देऊन मग घेत असे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ही देवघेव कालांतराने लोपली; परंतु आमच्या शहरात, आणि मिझुरी संस्थानातील सेंट लुइस शहरात, ती कोड्यांच्या व विनोदांच्या रूपाने जिवंत राहिली.

अमेरिकेत हा सण रुजविण्यात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडात भीषण दुष्काळ झाला तेव्हा, देशोधडीस लागलेली लक्षावधी माणसे समुद्र ओलांडून आली, आणि सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची आपल्या मुलखातील चाल त्यांनी बरोबर आणली. नव्या भूमीत त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा भोपळा आयताच मिळाला. आपला तांबडा भोपळाही मूळचा त्याच खंडातला. पुढे खोडसाळपणा वाढला तेव्हा अनेक गावांनी आपापल्या परीने उपाय योजले. मिनेसोटा संस्थानातील अनोका या गावाने १९२० साली मुलांची मिरवणूक काढण्यास आरंभ केला तो याच हेतूने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतरही, १९४२ पासून १९४७ पर्यंत, साखरेवर नियंत्रण असल्याने हा उत्साह काहीसा मंदावला, आणि नियंत्रण उठताच नव्याने वसणाऱ्या उपनगरांतून तो देशभर पसरला. १९५० साली फिलाडेल्फियातील अॅलिसन दांपत्याच्या पुढाकाराने काही मुलांनी दुधाची रिकामी खोकी सजवून त्यांतून, खाऊऐवजी, दूरदेशीच्या गरजू बालकांसाठी नाणी गोळा केली. त्यातून युनिसेफचा मोठा उपक्रम उभा राहिला. आमची मुलेही एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात युनिसेफची नारिंगी पेटी घेऊन निघत, आणि नाण्यांच्या खुळखुळाटाचा त्यांना चॉकलेटांइतकाच अभिमान वाटे.

आमच्या घरी या पर्वाचा आरंभ भोपळ्याने होई. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मक्याची कापणी भरात असताना, आम्ही शहराच्या हद्दीबाहेरील एका मळ्यावर जात असू. मुलगा आकारावर भाळे आणि मुलगी देठावर. देठ लांब व वळणदार असलाच पाहिजे, नाहीतर झाकण कशाला धरून उचलायचे, असा तिचा रोकडा सवाल असे. घरी आल्यावर स्वयंपाकघरात जुनी वर्तमानपत्रे अंथरून काम सुरू होई. झाकण कापताना सुरी तिरपी धरावी लागते, म्हणजे ते आत पडत नाही. मग मुले कोपरापर्यंत हात घालून आतील गारगार, बुळबुळीत तंतू ओढून काढीत, बिया निवडीत. त्या धुऊन, मीठ लावून, ओव्हनमध्ये खमंग भाजल्या जात. कोरण्याच्या भोपळ्याचा गर पाणचट व धागेदार असतो, म्हणून त्याच मळ्यावरून मी लहानसा, घट्ट गराचा गोड भोपळा निराळा घेई, आणि शिकागोच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूवरून जपून आणलेला गूळ घालून त्याचे घारगे करी. एका भोपळ्यात दिवा आणि दुसऱ्याचे घारगे, ही आमच्या घरची हॅलोवीनची व्याख्या झाली, आणि माझी मुले आजही ती तशीच सांगतात.

सोंगांची निवड हा मात्र संपूर्णपणे मुलांचा अधिकार असे. एका वर्षी मुलाने बुजगावणे व्हायचे ठरविले, आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या बहिणीने, कोणालाही न विचारता, आपण कावळा होणार असे जाहीर केले. वडिलांचा जुना चौकड्यांचा सदरा, बाह्यांतून व गळ्यातून डोकावणारी मक्याची वाळकी पाने, आणि काठीला बांधलेले दोन्ही हात, असे ते बुजगावणे; आणि काळ्या अस्तराच्या कापडाच्या कातरलेल्या पट्ट्या एकावर एक शिवून केलेले पंख पसरणारा तो कावळा. तेथील ऑक्टोबरअखेरची थंडी अशी असते की जाड कोटावाचून बाहेर पडणे अशक्य, आणि कोट घातला की त्याखाली सारी कला झाकून जाते. या पेचातून त्या देशातील प्रत्येक आईला वाट काढावी लागते. मी दोन्ही सोंगे कोटावरून चढतील अशी ऐसपैस शिवली. परिणामी कावळा चांगलाच गुबगुबीत झाला. ज्याला घाबरून उडून जायचे त्याच बुजगावण्याची बाही घट्ट धरून तो साऱ्या गल्लीभर चालला, आणि प्रत्येक दारी लोक आधी त्या जोडीकडे पाहून हसले, मग कोड्याकडे वळले.

त्या वर्षीची एक आठवण मला विशेष प्रिय आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत असत. त्या संध्याकाळी त्या ओसरीवर खुर्ची टाकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसत, आणि प्रत्येक मुलाचे कोडे पूर्ण ऐकून घेतल्यावाचून पातेल्याकडे हात नेत नसत. कावळ्याने घरी घोकून तयार केलेले कोडे विचारले, 'भुताला खोटे बोलणे का जमत नाही?' शिक्षिकाबाईंनी हनुवटीला बोट लावून विचार केला, आणि आपल्याला काही सुचत नाही असे कबूल केले. आता उत्तर द्यायचे ते कोडे घालणाऱ्याने. आणि नेमके तेच त्या चिमुकल्या डोक्यातून पार निघून गेले होते. मागे पायऱ्यांवर मुलांची रांग वाढत होती. भाऊ कानाशी वाकला, तेव्हा बाईंनी त्याला हातानेच थांबविले. 'मला कसलीही घाई नाही,' त्या म्हणाल्या, आणि खरोखरच कसलीही घाई नसल्यासारख्या बसून राहिल्या. काही क्षण गेले, आणि एकाएकी कावळ्याचे दोन्ही पंख वर गेले: 'कारण त्याच्या आरपार सगळे दिसते!' हे कोडे बाईंनी त्या संध्याकाळी अनेकांच्या तोंडून ऐकले असणार. तरीही त्या अशा मनमोकळ्या हसल्या की, ते जगात प्रथम माझ्या मुलीनेच रचले असावे असे तिला वाटले. एका परक्या भाषेत, एका परक्या माणसापुढे, सर्वांच्या देखत उभे राहून बोलण्याचा तिचा तो पहिला प्रसंग. पुढे ती वक्तृत्वाच्या स्पर्धांत धिटाईने बोलू लागली, त्या धिटाईचे मूळ मला त्या ओसरीवर दिसते.

मुले पायऱ्या चढून जात तेव्हा आम्ही वडीलधारी मंडळी खाली पदपथावर थांबत असू, आणि या सणाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तेथेच घडे. आम्ही त्या गल्लीत राहावयास आलो तेव्हा समोरच्या घरातील माणसांशी आमचा परिचय मोटारीचा रंग ओळखण्यापलीकडे गेलेला नव्हता. पण हातात विजेरी घेऊन, थंडीने पाय आपटीत, आपापले मूल कोणत्या ओसरीवर आहे यावर डोळा ठेवून उभ्या असलेल्या माणसांत बोलणे आपोआप निघते. कोणाची आई आजारी आहे, कोण नोकरी सोडून पुन्हा शिकावयास जाणार आहे, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करावे, असल्या गोष्टी मला त्या पदपथावर समजल्या. त्याच हिवाळ्यात, पहिला मोठा बर्फ पडला त्या सकाळी, समोरच्या गृहस्थांनी आमच्या दारापुढील वाट न सांगता साफ करून ठेवली होती. परमुलखात घर घेतल्याचा दस्तऐवज कचेरीत नोंदला गेला की आपण तेथील रहिवासी होतो. पण त्या गल्लीचे आम्ही झालो ते मुलांच्या मागोमाग चालता चालता.

१९९७ साली लक्ष्मीपूजन नेमके ३० ऑक्टोबरला आले. ओसरीच्या एका टोकाला आकाशकंदील, पायरीवर पणत्या, आणि त्यांच्या शेजारी दात विचकून हसणारा भोपळा, असा त्या दिवशीचा आमचा थाट होता. संध्याकाळची पूजा आटोपून मुले सोंगे चढवून बाहेर पडली. आमच्या दारी येणारी मुले कंदिलाकडे मान वर करून पाहत आणि तो कसा केला असे विचारीत. पदपथावर थांबलेल्या त्यांच्या आई-बापांना मी वर बोलावून शंकरपाळे आणि चकल्या दिल्या. दोन्ही सण दिव्यांचे आणि दोन्ही दारे उघडी ठेवण्याचे, त्यामुळे त्यांची सरमिसळ कोणालाही खटकली नाही. त्यानंतर काही शेजारी दिवाळी कधी आहे याची दरसाल आठवणीने चौकशी करू लागले.

फेरी संपल्यावर घरी दिवाणखान्यात मिळकतीची मोजदाद होई. जमिनीवर पिशव्या पालथ्या करायच्या, चॉकलेटांचे रंगांप्रमाणे व जातींप्रमाणे ढीग लावायचे, आणि मग भावाबहिणींत बाजार भरायचा: शेंगदाण्याच्या लोण्याची दोन देऊन कॅरॅमलची तीन घ्यायची, ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या बाबांच्या वाट्याला टाकायच्या. ही मोजदाद पालकांनी करावी असे सांगतात त्याला आणखीही एक कारण आहे. खाऊत ब्लेड किंवा विष घालणाऱ्या परक्या माणसांच्या वदंता त्या देशात कैक वर्षे पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्या धास्तीने घरी केलेले लाडू-केक देण्याची चाल जवळजवळ बंद पडली आहे. परंतु जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने कित्येक दशकांच्या बातम्या तपासून दाखवून दिले आहे की, हॅलोवीनच्या खाऊतून परक्या माणसाने एखाद्या मुलाचा जीव घेतल्याचा अथवा त्याला गंभीर इजा केल्याचा एकही खात्रीलायक दाखला सापडत नाही. खरा धोका आहे तो अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना मोटारींचा. म्हणून हातात विजेरी आणि कपड्यांवर चमकती पट्टी हवी. आम्हीही दरवर्षी वेष्टने तपासली. पण तपासताना मनात संशयापेक्षा नवल अधिक असे की, एवढ्या माणसांनी आमच्या मुलांसाठी आठवणीने काही आणून ठेवले होते. अलीकडे काही घरांपुढे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दिसतो. ज्या मुलांना शेंगदाणे अथवा दूध चालत नाही त्यांच्यासाठी येथे खाऊऐवजी खेळणी ठेवली आहेत, अशी ती खूण. २०१४ पासून देशभर पसरलेली ही रीत त्याच आस्थेचा विस्तार आहे.

मुले मोठी होतात आणि एका वर्षी सोंग नको म्हणतात. आमच्या मुलाच्या बाबतीत ते वर्ष आले तेव्हा मला वाईट वाटले. पण त्या संध्याकाळी तो आपण होऊन पातेले घेऊन ओसरीच्या पायरीवर बसला, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कोडे ऐकू लागला. एक लहानगी परी अडखळली तेव्हा तिला तो म्हणाला, 'सावकाश, मला घाई नाही.' हे त्याला आम्ही शिकविले नव्हते. घेणाऱ्याच्या बाजूने काही वर्षे उभे राहिल्यावर देणाऱ्याच्या बाजूला कसे बसावे हे तो त्या गल्लीकडूनच शिकला होता, आणि मला वाटते, या सणातील खरे शिक्षण तेच आहे.

आपल्याकडे अशा शिक्षणाची परंपरा नाही असे कोण म्हणेल? भोंडल्याच्या दिवसांत मुली रोज नव्या घरी जात, फेर धरून गाणी म्हणत आणि खिरापत ओळखल्यावर ती खात. तेथेही दार परक्याचे, आणि खाऊ मिळे तो गाण्याच्या व बुद्धीच्या मोलाने. आता पुण्यामुंबईच्या शाळांतून व गृहसंकुलांतून हॅलोवीनचे मेळावे भरू लागले आहेत, आणि हे परकीय खूळ कशाला, असा आक्षेपही त्यावर घेतला जातो. कागदी वटवाघळे आणि प्लास्टिकचे सांगाडे विकत आणण्याची मलाही काही मातब्बरी वाटत नाही. पण ज्या इमारतीत एकाच जिन्याने वर्षानुवर्षे चढउतार करणारी माणसे एकमेकांची नावे जाणत नाहीत, तेथे मुलांना वर्षातून एकदा प्रत्येक दारापुढे उभे करावे, त्यांनी एखादे गाणे म्हणावे किंवा कोडे घालावे, आणि आतल्या माणसाने ते घाई न करता ऐकून त्यांच्या हातावर काही ठेवावे, एवढे तरी आपण या सणाकडून अवश्य घ्यावे. त्याला मग हॅलोवीन म्हणा, भोंडला म्हणा, की दिवाळीच्या फराळाची फेरी म्हणा. मुलाला शेजारी ओळखू लागले आणि शेजाऱ्यांवर मुलाचा विश्वास बसला की, त्या वस्तीत मूल वाढविण्याचा निम्मा भार आई-बापांच्या खांद्यांवरून उतरतो. आमचा तो कसा उतरला हे मी स्वतः पाहिले आहे, आणि म्हणूनच हे इतक्या आग्रहाने सांगत आहे.